मथुरेने चाटलेला हिमालय

मी हिमालय पहिल्यांदा पाहिला तो सत्तरी उलटल्यावर. लेक-जावई हौसेने यात्रा कंपनीतून घेऊन गेले. पहाटे शाली गुंडाळून आम्हाला एका गच्चीवर उभं केलं, ऊन वर आलं, आणि गाइड म्हणाला, "माताजी, वो देखिये!" मी पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "छे! असा नसतो!"

लेक म्हणाली, "आई, अगं काहीतरीच काय? हाच तो!"

आता तिला काय सांगू? तोवर मी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत इतके हिमालय रंगवले होते की हिमालयाने माझ्याकडे बघून नीट उभं राहायला हवं होतं. माझे डोंगर जास्त टोकदार, बर्फ जास्त पांढरा. आणि मुख्य म्हणजे माझ्या प्रत्येक हिमालयाच्या पायथ्याशी एक म्हैस असायची. इथे डोळे ताणताणून पाहिलं, म्हैस कुठे नव्हतीच. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मी फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे. आजच्या पोरांना हे धड समजत नाही, म्हणून आधी सांगते. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे नवे कपडे घालून, केसांना तेल लावून, सहकुटुंब स्टुडिओत जायचं. तिथे मागे भिंतभर रंगवलेला पडदा असायचा. कुठे राजवाड्याचा जिना, कुठे तळ्यात चंद्र, कुठे ताजमहाल. जोगेश्वरीच्या खोलीत राहणारा माणूस ताजमहालासमोर उभा राहून फोटो काढायचा आणि गावी पाठवायचा. गावच्या लोकांना ठाऊक असायचं की हा पडदा आहे. तरी फोटो भिंतीवर लागायचाच.

पडद्याला लागतं मांजरपाट. ते चौकटीवर ताणून ठोकायचं, त्यावर खळीचा हात द्यायचा, मग खडूचा, मग रंग. रंग म्हणजे वाण्याकडची पूड हो! गेरू, पिवडी, नीळ, काजळी. ती पूड कापडाला धरून राहावी म्हणून चिकट काहीतरी घालावं लागतं. सगळे पेंटर सरस घालायचे. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला गोंद. उकळायला ठेवला की गल्ली नाकाला पदर लावते. तेलाचा रंग चालत नाही, तो चमकतो आणि दिव्याखाली फोटोत पांढरा डाग उठतो. फोटो निघायचा काळा-पांढरा, तरी पडदा रंगीतच लागायचा, कारण गिऱ्हाईक पडदा बघून आत यायचं.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पडद्याचा मधला भाग रिकामा सोडायचा. ती जागा गिऱ्हाइकाची. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. तिथूनच सगळी गंमत सुरू झाली.

माझं माहेर पेणच्या बाजूचं, गणपती करणारं घर. आम्ही मुली माती मळायचो, खडू लावायचो, पितांबर रंगवायचो, उंदरापर्यंत सगळं करायचो. डोळे मात्र फक्त बाबा. आंघोळ करून, पाटावर बसून, कुणाशी एक शब्द न बोलता ते मूर्तीचे डोळे लिहायचे. आणि एकदा डोळे लिहिले की मग त्या मूर्तीला खरवडायचं नाही, पुसायचं नाही, मोडायचं नाही. सोंड थोडी वाकडी झाली असली तरी आता ती तशीच. "डोळे उघडल्यावर आपली मालकी संपते," असं बाबा म्हणायचे.

लग्न झालं ते सावंतवाडीकडच्या, पण अंधेरीत स्थायिक झालेल्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाशी. आमच्या ह्यांच्यासारखं सरळ अक्षर अंधेरीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दोरी न लावता ओळ सरळ! एका अक्षराचा काना जरा कलला तर सगळी पाटी पुसून पुन्हा लिहायचे. दुकानदार कपाळावर हात मारून घ्यायचा. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेंटर विनायक' असं नाव घालायचे. "नाव नसलेली पाटी बेवारशी गो," असं त्यांचं म्हणणं. अंधेरीच्या बाजारात मी भाजीला निघाले की डावी-उजवीकडे नवऱ्याचं नाव वाचत जायचे. तोंडाने घ्यायची मात्र चोरी!

लग्नाला दोन वर्षं झाली असतील, त्या साली अनंत चतुर्दशी आटोपली आणि हे कापडाच्या दुकानाची पाटी करताना शिडीवरून पडले. उजवा हात मोडला. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. दवाखान्यातून आले ते खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहिले. डाव्या हाताने त्यांना घास नीट घेता येत नव्हता, ब्रश काय धरणार?

त्यात हातात एक मोठं काम घेतलेलं. स्टेशनजवळ मोरूभाऊ नावाच्या गृहस्थांनी कोळशाची जुनी वखार घेऊन फोटो स्टुडिओ करायला काढला होता. दसऱ्याला उद्घाटन. पडदा ह्यांनी करायचा कबूल केला होता. पडदा पसंत पडला तर मोरूभाऊंचे सगळे पडदे, आणि मुलुंडला त्यांच्या मेहुण्याचा स्टुडिओ होता, तिथलेही. हा हात मोडला नि सगळं मुसळ केरात.

"गावाक जावया," हे म्हणाले. "भावाकडे ऱ्हवया. हात बरो झालो की बगू."

मला माहीत होतं, 'बगू' म्हणजे काय. खोली एकदा सोडली की परत मिळत नाही. आणि दिरांच्या पडवीत जाऊन बसलेला पेंटर परत शिडी चढत नाही. शिवाय मला दिवस गेले होते, तिसरा महिना. माझ्या मनात पक्कं होतं की हे मूल अंधेरीत जन्माला येणार. मला ती अंधेरी आवडायची हो! मरोळकडून भाताचा वास यायचा, वेसाव्याच्या कोळणी पाटी घेऊन भांडत यायच्या, सगळं जग कसं कामाला लागलेलं असायचं.

मी म्हटलं, "पडदा मी करते."

"तू?"

"उंदीर रंगवलेत, गणपती रंगवलेत. डोंगराला काय, ना नाक ना सोंड!"

हे खूप दिवसांनी हसले. तेवढ्यात मी पदर खोचून मोरूभाऊंकडे गेले. मोरूभाऊ म्हणजे बारीक अंगाचा, धसमुसळा, सतत घाम पुसणारा माणूस. मनाने वाईट नव्हता, पण घाबरट. "अहो वहिनी, बाई माणूस पडदा करणार?" म्हणाले.

"तुमच्या घरच्या गणपतीचा पितांबर कुणी रंगवला असेल असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी घाम पुसला. मग एक डबा काढून माझ्या हातात दिला. विलायती दुधाच्या पावडरीचा डबा. त्यावर बर्फाचे डोंगर, हिरवं गवत आणि अगदी मधोमध एक गाय. "हे काश्मीर," मोरूभाऊ म्हणाले. "हुबेहूब असंच पाहिजे. सप्तमीला बघायला येतो. जमलं तर ठीक, नाहीतर मी दुसरा पेंटर बघतो. मग मला बोल लावायचा नाही."

झालं. सप्तमीला पडदा पसंत तर अंधेरी, नापसंत तर गाशा गुंडाळून सावंतवाडी.

आमच्या खोलीत एवढं कापड मावणं शक्यच नव्हतं. मागच्या अंगाला भागूबाई गवळणीचा तबेला होता. बाई साताऱ्याकडची, आवाज असा की तिने म्हशीला हाक मारली की आम्ही उठून बसायचो. तिने वैरणीच्या खोपीची एक भिंत मला दिली. समोरच दावणीला तिची लाडकी मथुरा बांधलेली. मथुरा म्हणजे तबेल्याची राणी. चकचकीत काळी, शिंगं अशी मागे वळलेली, आणि चालणं एखाद्या सुभेदारणीचं.

पहिलंच संकट सरसाचं. तिसरा महिना! सरस उकळायला ठेवला आणि मी जी ओकायला पळाले ती संध्याकाळपर्यंत पळतच होते. भागूबाईने ते भांडं उचलून लांब फेकून दिलं आणि म्हणाली, "आमच्याकडं घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत्यात. ती न्हाई व्हय चालायची?"

का नाही चालणार? भागूबाईकडे चिंचोक्यांचं पोतंच होतं. म्हशींच्या आंबोणात ती चिंचोके भिजवून घालायची, दूध दाट येतं म्हणून. त्याच पोत्यातले चिंचोके मी भाजले, सोलले, भिजवले, वाटले आणि रटरटत शिजवले. काय सुंदर खळ झाली! वास तर असा खमंग की मलाच बोट चाटावंसं वाटलं. पेंटर लोक खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. पण ते विषारी, पोटुशी बाईने हात लावू नये, म्हणून मी घातलं नाही. ती बुद्धी मला देवानेच दिली असणार, ते पुढे कळेल.

मग डोंगर. मी जन्मात बर्फ पाहिला होता तो फक्त सरबतवाल्याकडचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पण डोंगर पाहिले होते. डब्यावरचा डोंगर बोटभर, त्याचा भिंतीएवढा करायचा म्हणजे अंदाज चुकायला लागला. शेवटी मी डबा ठेवून दिला, अंधेरीच्याच पश्चिमेला जाऊन गिल्बर्ट हिलची टेकडी नीट पाहून आले, तीच काळीकभिन्न उभी कातळभिंत काढली आणि वरून खडूचा बर्फ ओतला. ह्यांना खोपीत आणून खाटेवर बसवलं होतं. हे म्हणाले, "झकास! गिल्बर्टाच्या डोक्यार दहीभात सांडलो!" पण लांबून पाहिलं की खरंच थंडी वाजायची.

गाय मात्र येईना. डब्यावरच्या गायीला वशिंड नाही, गळ्याखाली पोळी नाही, पाठ पाटासारखी सपाट. अशी गाय मी कधी पाहिलीच नव्हती. मग पाय कसे उभे राहतात, पोट कुठून सुटतं, हे बघायला मी समोरच्या मथुरेकडे बघत राहिले. मथुरा रवंथ करत माझ्याकडे बघायची, मी ब्रश चालवत तिच्याकडे बघायचे. गाय तयार झाली. डब्यावरच्यासारखे तांबडे-पांढरे ठिपके दिले. भागूबाई शेणाची पाटी घेऊन आली आणि पाटी खाली टाकून ओरडली.

"अगं बया! ही तर आमची मथुरा! पिठाच्या गोणीत लोळली व्हय गं?"

मी मागे होऊन पाहिलं. शंभर टक्के मथुरा. तीच मान, तेच पोट, तोच तोरा. मला आधी रडू आलं, मग असं हसू फुटलं की खाली बसले. मी ह्यांना म्हटलं, "आता हो? पुसून पुन्हा गाय करू?"

हे खाटेवरून उठून पडद्याजवळ आले. म्हणाले, "गाय खोटी होतली गो. म्हस तर म्हस, पण खरी व्हयी."

मी ठिपके काजळीने बुजवले. काळी कुळकुळीत म्हैस पांढऱ्या बर्फापुढे काय उठून दिसायला लागली म्हणून सांगू! एवढे दिवस तो नुसता पडदा होता, आता त्यात कुणीतरी राहायला आलं.

राहिले डोळे. मी जन्मात कुणाचे डोळे लिहिले नव्हते. बाबांशिवाय ते कुणी करायचंच नसतं, हे इतकं अंगात मुरलेलं की हात धजेना. मी ब्रश ह्यांच्याकडे नेला, आणि प्लास्टर बघून माझ्या लक्षात आलं की इथे कोण लिहिणार? "तूच लिही," हे म्हणाले. "तुजी म्हस."

सकाळी न्हाऊन घेतलं. कुणाशी बोलले नाही. भागूबाईसुद्धा त्या दिवशी गप्प होती, यावरून काय ते समजा. मथुरेच्या तोंडाजवळ जाऊन उभी राहिले. म्हशीचा डोळा तुम्ही कधी जवळून पाहिलाय? लांब पापण्या, आत ओला काळोख, आणि त्यात आपण बारीक होऊन उभे. मी तो डोळा लिहिला. खडूचा एक ठिपका दिला आणि पडद्यातली मथुरा माझ्याकडे बघायला लागली. मी ढसाढसा रडले. आनंदानेच. बाबांची खूप आठवण आली.

सप्तमीला मोरूभाऊ आले. डोंगर बघून खूश झाले. "वा वहिनी, काय गारवा आहे!" मग खाली नजर गेली आणि रुमाल हातातच राहिला.

"म्हैस?"

"म्हैस," मी म्हटलं.

"काश्मिरात म्हैस? आणि तीही मधोमध? अहो, गिऱ्हाईक कुठे उभं राहणार?" असं म्हणून ते स्वतःच पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांची देहयष्टी ती तेवढी. म्हशीचं तोंड झाकलं गेलं आणि त्यांच्या दोन्ही कानांमागून दोन शिंगं बाहेर आली. आमचे हे हसता हसता खाटेवरून खाली पडायचे राहिले. मोरूभाऊंना वाटलं, हा माणूस वेदनेने कळवळतोय.

पण मोरूभाऊ हसण्यावारी नेणारे नव्हते. "शिंगांचं सोडा. यमाचं वाहन आहे हे! लग्न लागून नवी जोडपी येणार, त्यांना मी यमाच्या वाहनापुढे उभं करू? पहिल्याच दिवशी? पुसा ती म्हैस. पुसली तर पडदा घेतो, नाहीतर पांढरी चादर टांगीन!"

"पुसणार नाही," मी म्हटलं. "डोळे लिहून झालेत."

"म्हणजे?"

"म्हणजे पुसायचं नसतं."

त्यांना ते कळलं नाही, आणि मला यापलीकडे समजावता येईना. ते निघून गेले. मी भिंतीशी बसले. एवढ्या हौसेने सगळं केलं आणि एका म्हशीपायी अंधेरी सुटणार! पण खरं सांगते, ब्रश भिजवून त्या डोळ्यांवर फिरवायचा, हा विचारसुद्धा सहन होत नव्हता. कोंबडी मारायला सांगितली असती तर जमलं असतं.

हे उठले. पडद्यापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले. पाटीपुढे जसे उभे राहायचे तसे, मान तिरकी करून. म्हणाले, "पाटीर नाव मावला नाय तर अक्षर कापूचा नसता. पाटी वाढवूची असता."

"म्हणजे काय?"

"उजव्या अंगाक कापड जोड. म्हस आपसूक बाजूक जातली."

 मोडक्या हाताने बसलेल्या माणसाने एका वाक्यात म्हैस न हलवता हलवली! भागूबाईने आणि मी मिळून उजवीकडे मांजरपाट शिवलं. अष्टमी आणि नवमी मी त्या नव्या कापडावर डोंगराचा उतार ओढला आणि खाली गवत, गवत, नुसतं गवत. खळ संपली, पुन्हा चिंचोके शिजवले. घाईत चांगली दाट झाली. मध्ये गिऱ्हाइकाला ऐसपैस जागा, डावीकडे म्हैस. यमाच्या वाहनाचं मात्र मला काही सुचलं नाही.

नवमीला संध्याकाळी पडदा गुंडाळून आम्ही स्टुडिओत नेऊन टांगला. मोरूभाऊ म्हणाले, "बाजूला गेली, ठीक. पण आहे म्हैसच. आता ऐन वेळी दुसरा पडदा कुठून आणू? उद्या गिऱ्हाईक बघून ठरवतो. एक जरी जोडपं नाक मुरडून गेलं तरी पडदा उतरवून तुमच्या हवाली." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

दसऱ्याला स्टुडिओला झेंडूची तोरणं. रस्त्यावर हीऽऽ गर्दी. एक नवं जोडपं खरंच आलं होतं, पार्ल्याकडचं. नवरा टाय लावलेला, नवरी नऊवारीत, हातात अजून हिरवा चुडा. नवऱ्याने पडदा पाहिला आणि मोरूभाऊंच्या कानात कुजबुजला. मोरूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात गाशा गुंडाळायला लागले.

एवढ्यात बाहेरून आवाज. "व्हा बाजूला! म्हस मारती!"

भागूबाई! हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि मागे मथुरा. शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. "हिच्यासंगं माजा फोटू काढायचाय," भागूबाई म्हणाली. "मथुरेम्होरं मथुरा."

"जनावर आत?" मोरूभाऊंचा घाम सुरू झाला.

"जनावर आतच हाय की! भिंतीवर लावलंयस न्हवं? मग हिनं काय पाप केलं?"

कोळशाच्या वखारीचा दरवाजा तो, बैलगाडी आत जाईल एवढा. मथुरा आत आली. पडद्यातल्या मथुरेकडे जरा वेळ पाहिलं, तिला काही फारसं कौतुक वाटलं नाही. मोरूभाऊ कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरले आणि आतून ओरडले, "हलू नका!"

आणि मथुरेने नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. भागूबाईच्या हातातलं दावं ओढून ती उजवीकडे चालत गेली, कालचं ताजं गवत होतं तिथे, आणि जीभ काढून एक लांबलचक चाटण दिली, खालून वर. गवत गेलं. दुसरी चाटण, उतार गेला. मग ती डोळे मिटून मनापासून हिमालय खायला लागली. बरं झालं, खळीत मोरचूद घातलं नव्हतं!

"अहो आवरा! आवरा तिला! काश्मीर खाल्लं हिने!" मोरूभाऊ काळ्या कापडासकट बाहेर आले.

दारातल्या गर्दीत एकच कल्ला. "गवत खरं वाटलं रे तिला! म्हशीला कळलं नाही, म्हणजे बघ!" "आयला, काय हात आहे पेंटरचा!" मी ओरडून सांगत होते, "अहो, चिंचोक्याची खळ आहे ती! तिच्या आंबोणातलीच!" पण कोण ऐकतंय? लोकांना एकदा चमत्कार मिळाला की खळबिळ नको असते. ह्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, मी अजून सांगते आहे आणि अजून कुणी ऐकत नाही.

त्या कल्ल्यात ती नवरी पुढे आली. "मला त्या म्हशीशेजारीच उभं राहायचंय," म्हणाली.

नवरा म्हणाला, "अगं, यमाचं वाहन ते."

"यमाचा रेडा असतो," नवरी म्हणाली. "ही म्हैस आहे. चांगली डोळ्यांत बघतेय माझ्या."

गर्दीने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने टाय सारखा केला आणि मुकाट्याने बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. संसार सुखाचा झाला असणार त्यांचा. त्यांच्यामागे रांग लागली. मोरूभाऊ प्लेटा बदलून बदलून थकले. मी ब्रश आणून चाटलेली जागा भरायला गेले तर माझ्या अंगावर ओरडले, "हात लावू नका वहिनी! तेच तर बघायला येतायत!"

म्हणजे पडदा राहिला. आम्ही राहिलो. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला सारखं हसू येत होतं, रडूही येत होतं. पोटावर हात ठेवून मी आतल्या जिवाला म्हटलं, "तू अंधेरीची हो गं बाई."

मग हे पुढे आले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. "नाव खंय?" म्हणाले.

मी नाव घातलंच नव्हतं. मला वाटलं होतं, पसंत पडला तर 'पेंटर विनायक' लिहू. काम त्यांनी घेतलेलं, नाव त्यांचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तसं म्हटलं.

"बेवारशी पडदो टांगूचो नसता," हे म्हणाले आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. डाव्या हातात. गुडघे टेकून बसले. प्लास्टरचा हात छातीशी, जिभेचं टोक ओठांत, शाळेत पाटी गिरवणाऱ्या पोरासारखे. सगळी गर्दी बघत होती. अंधेरीतल्या निम्म्या दुकानदारांनी त्यांची ओळ पाहिलेली. तो माणूस, एक काना कलला तर पाटी पुसणारा, त्या दिवशी डाव्या हाताने लिहीत होता. 'पे' मोठा झाला, 'टर' घसरला, माझ्या नावातला 'त्स' तर असा काही वेडावाकडा झाला की तो 'त्स' आहे हे माझं मला कळलं. 'पेंटर वत्सला.' लिहून झाल्यावर मागे सरून त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. मला वाटलं, आता पुसणार. त्यांनी ब्रश धुऊन मला परत दिला.

पुढे चैत्रात लेक झाली. ह्यांचा हात बरा झाला, ओळ पुन्हा पहिल्यासारखी सरळ आली. मुलुंडहून काम आलं, घाटकोपरहून आलं, आणि प्रत्येकाला डोंगरात म्हैस हवीच होती. एकदा मुलुंडच्या स्टुडिओसाठी मी हौसेने धबधबा काढला, तर लहान मुलं त्यापुढे उभी केली की त्यांना लगेच शू लागायची. महिन्याभरात धबधब्यावर म्हैस आली. रंगात मात्र त्या दसऱ्यानंतर मी सरसच घातला. भागूबाई दर दसऱ्याला मथुरेला घेऊन येतच होती.

मग रंगीत फोटो आले, घरोघरी कॅमेरे आले, आणि पडदे गेले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? माझे सगळे हिमालय कुठे गेले कोण जाणे. कुणी गाद्यांना खोळी केल्या असतील. ह्यांच्या पाट्यांवर तर दुसऱ्याने रंग मारला, त्यावर तिसऱ्याने, आणि आता प्लास्टिकच्या पाट्या आल्या. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी अधूनमधून अंधेरीच्या बाजारात जाते तेव्हा सवयीने दुकानांच्या पाट्यांचे खालचे कोपरे बघते. त्यांचं एकही अक्षर आता तिथे राहिलेलं नाही.

मोरूभाऊंच्या मुलाने स्टुडिओ बंद केला तेव्हा पडदा कुजला होता. पण त्याने आठवणीने खालचा कोपरा कापून मला आणून दिला. बोरिवलीच्या घरात तो मी काचेत लावलाय, अगदी दारासमोर. येणारं-जाणारं माणूस चहा घेताना हटकून तिकडे बघतं आणि विचारतं, "आजी, हे एवढं वाकडंतिकडं कुणी लिहिलंय हो?"

मी सांगते, "अंधेरीत ज्याच्याइतकं सरळ कुणी लिहीत नव्हतं, त्याने."